पानाची खालची बाजू

मी रास्पबेरी बोलतेय. मांजर्लीतल्या एका गॅलरीतली, कुंडीतली. नाव परदेशी वाटलं तरी माझा जन्म महाबळेश्वरच्या रोपवाटिकेतला. तिथली थंडी सोडून मला बदलापूरच्या उकाड्यात आणलं ते कुंदाताईंनी.

माळी त्यांना स्पष्ट म्हणाला होता, "ताई, खाली नाही जगायची ही."

"आम्ही जगतोय ना? मग हीपण जगेल," कुंदाताई हसून म्हणाल्या, आणि गाडीत मला मांडीवर घेऊन त्या घाट उतरल्या.

त्यांची एक सवय होती. सकाळी गॅसवर चहा ठेवला की गॅलरीत यायच्या आणि माझं एकेक पान उलटून बघायच्या. आमची बरीच दुखणी पानाच्या खालच्या बाजूनं सुरू होतात, हे त्यांना कुणी शिकवलं देव जाणे. उन्हाळ्यात तिथे रस शोषणारे बारीक कोळी दिसले की त्या खालून पाण्याचा फवारा मारायच्या. फारच झाले तर साबणाच्या पाण्यात कडुनिंबाचं तेल. त्यांच्या जिवावर मी इथले उन्हाळे काढले, एकदा चार फळंही दिली.

त्यांच्या दुखण्याकडे मात्र कुणाचं लक्ष गेलं नाही. धाप लागली की त्या माझ्या कुंडीवर वाकायच्या. बघणाऱ्याला वाटावं, माती उकरताहेत. आतून त्यांचे यजमान, दिनानाथराव, विचारायचे, "बरी आहेस ना गं?"

"हो, बरी आहे."

विषय तिथेच संपायचा. हातातला पेपरही खाली यायचा नाही. होळीच्या सुमारास कुंदाताईंना दवाखान्यात नेलं, त्या घरी परतल्याच नाहीत. त्यांची वाट बघायची सवय माझी अजून गेलेली नाही.

मग दिनानाथराव मला जिवापाड जपायला लागले. सगळी उमर कंपनीत ऑफिसर म्हणून गेलेली, झाडांशी कधी संबंध नाही. पानांवर फिके ठिपके दिसले, तेव्हा त्यांना वाटलं, उपाशी आहे. ओंजळभर खत घातलं, पानांच्या कडा करपल्या. तशात एका संध्याकाळी केमिकल कारखान्यांकडून हवेत कसलासा वास आला. वास आला की खिडक्या लावून घ्यायच्या, ही इकडच्या घराघरातली सवय.

"या गॅसनंच हिची पानं जाताहेत," म्हणत त्यांनी गॅलरीच्या काचा ओढून घेतल्या. त्या तशाच राहिल्या. मला वाचवायलाच हो! आत मे महिन्याचा कोरडा उकाडा. कोळ्यांची चंगळ झाली आणि माझा जीव घुसमटला.

त्यांची मुलगी चैत्राली जवळच खरवईला राहते. एका रविवारी ती आली.

"बाबा, वरून काय बघताय? पान उलटा ना. आई रोज बघायची."

त्यांनी पान उलटलं. खाली जाळीच जाळी. दिनानाथराव स्टुलावर बसले.

"तुझी आईपण 'बरी आहे' म्हणायची," ते म्हणाले, "आणि मला ते खरंच वाटायचं गं." त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मला त्यांचा राग नाही आला, फार वाईट वाटलं.

आता काचा उघड्या असतात. रोज सकाळी खालून फवारा, आठवड्यातून एकदा कडुनिंबाचं तेल, करपलेली पानं कात्रीनं काढून टाकणं, सगळं अगदी नीट चाललंय. फक्त उशीर झालाय. माझ्या एकाच फांदीवर थोडी पानं उरली आहेत. मुळाशी नवा कोंब नाही.

आज चैत्राली आली आहे. डोळ्यांखाली काळं दिसतंय. जिना चढून आली ती दाराची चौकट धरूनच उभी राहिली.

"काय गं, बरी आहेस ना?"

"हो बाबा, बरी आहे."

त्यांनी मान डोलावली आणि माझं पान उलटायला ते वाकले.

दिनानाथराव, माझं राहू द्या. माझं व्हायचं ते झालंय. ती अजून दारातच उभी आहे. तिच्याजवळ जा आणि पुन्हा एकदा विचारा.