गळ्याखालची पिशवी

धनेशने माझं काम चोरलं तेव्हा ते अजून ओलं होतं. त्याची जाणीव त्याला राहिली नाही, आणि मीही करून दिली नाही.

नागावला आमचा दोघांचा स्टुडिओ होता. डायनासोरच्या काळातले सरपटणारे प्राणी आम्ही संग्रहालयांसाठी घडवायचो. म्हणजे घडवायचे मी. धनेश साहेबलोकांशी गोड बोलायचा. जीवाश्म कवटीची प्रतिकृती आली की हाडावरच्या खरबरीत खुणा बोटांनी चाचपायच्या, स्नायू कुठे चिकटला असेल ते ठरवायचं, तिथे शाडूची माती भरायची आणि वरून कातडी चढवायची. हा लांब जबड्याचा प्राणी तर मी जीव ओतून केला होता. ओला जबडा लोंबू नये म्हणून आमच्या घरच्या गणपतीच्या कारखान्यात देतात तसा हनुवटीखाली टेकू दिला होता. नारळाची करवंटी आणि भोवती मातीचा गोळा. वाळलं की काढून टाकायचा.

वाळायच्या आतच त्यानं स्टुडिओचं कुलूप बदललं. जागा त्याच्या नावावर होतीच, पुढे प्राणीही त्याच्याच नावावर झाला.

मी मुरुडला आईकडे आले. एका सकाळी पेपरात फोटो पाहिला आणि चहा अंगावर सांडला. टेकू तसाच! वर लालभडक रंग. खाली छापलं होतं, 'मादीला भुलवण्यासाठी हा प्राणी गळ्याखालची पिशवी फुगवत असे, असा शिल्पकाराचा निष्कर्ष आहे.'

मी हसत सुटले. आई बोंबील निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि तिनं हात पुसले.

"फोन करून सांगू नको हां त्याला," ती म्हणाली. "मिरवू दे. सगल्यांच्या समोर काढ त्याची."

माझा स्वभाव कुणावर गेलाय, हे वेगळं सांगायला नको.

संग्रहालयातल्या उद्घाटनाला मी शेवटच्या रांगेत बसले. एका संशोधक बाईंनी विचारलं, "या पिशवीचा पुरावा हाडात कुठे दिसतो?" धनेश सुरू झाला. जबड्याची कड, रक्तवाहिन्या, मीलनाचा हंगाम. मी त्याला पोटभर बोलू दिलं. इतकं सुख मला कित्येक दिवसांत मिळालं नव्हतं.

मग उठले, पर्समधून पटाशी काढली आणि सरळ प्राण्यापाशी गेले.

"किशोरी, हात लावू नकोस!" धनेश ओरडला.

"अरे, हा टेकू आहे. वाळल्यावर काढायचा राहिला तुझा."

एकच टोला घातला. लाल माती फुटली आणि करवंटी टणकन फरशीवर पडली. कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळेच. संशोधक बाई मात्र वाकून हनुवटी न्याहाळत होत्या. टेकू गेला तरी जबडा केसभरही हलला नव्हता.

मी करवंटी उचलून धनेशच्या हातात ठेवली.

"हे तुझं संशोधन. घरी घेऊन जा. बाकीचं सगळं माझं आहे."