विंगेतली टकटक

हिरालालनं उभी हयात पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत प्रॉम्प्टिंग केलं. म्हणजे विंगेत पुस्तक घेऊन बसायचं आणि नटाला वाक्य पुरवायचं. टाळ्यांच्या हावेपोटी एखादा पदरचं बोलायला लागला, की हा विंगेच्या लाकडावर बोटानं टकटक करायचा. ये बापा, पुस्तकात ये! भलेभले नट त्या टकटकीला वचकून असायचे.

आता तोच माणूस सानगडीच्या घरात खाटेवर पडला होता. तंबाखूच्या खर्र्यानं घात केला. नागपूरला ऑपरेशन झालं, जीभ गेली, आवाज गेला. आता इलाज नाही, घरी न्या, असं डॉक्टरांनी त्याच्या लेकीला, रुचिताला, बाजूला घेऊन सांगितलं. तिच्या आईनं, धुरपतानं, बजावलं, "बाबाले काही सांगू नको. हाय खातील ते." मग रुचिता बापाजवळ बसून म्हणाली, "तुमी बरे होऊन राहिले, बाबा. डॉक्टरच म्हणाले."

हिरालालला एक सिनेमा भारी आवडायचा. त्यातला म्हातारा पोरांची माया जोखायला मेल्याचं सोंग करतो आणि तिरडीवर शिंक येऊन उठून बसतो. तिथं हिरालाल दर वेळी पोट धरून हसायचा. ते हसू एकदा तरी दिसावं म्हणून रुचिताचा जीव तुटत होता. ज्या कादंबरीवरून तो सिनेमा काढला, ती तिनं साकोलीच्या वाचनालयातून आणली आणि दुपारी वाचून दाखवायला लागली.

काय सांगावं, पुस्तक सिनेमाहून इरसाल निघालं! म्हातारीच्या शिव्या तर सिनेमावाल्यांनी घेतल्याच नव्हत्या. हिरालाल डोळ्यांनी हसायचा, खाट हलायची. धुरपता चुलीपुढून ओरडायची, "वाच ना वं, थांबली कायले?"

शेवटच्या पानावर मात्र रुचिता अडखळली. पुस्तकातला म्हातारा उठतच नव्हता. सोंग करता करता खरंच गेला होता. मेल्या लेखका, तुला दुसरं काही सुचलं नाही? तिनं नजर पानावरच ठेवली आणि सिनेमातलं सांगून टाकलं, "तेवढ्यात म्हाताऱ्याला शिंक आली..."

टक टक.

हिरालालचं बोट खाटेच्या लाकडावर वाजत होतं. पदरचं बोलणाऱ्याचा आवाज त्याला जन्माचा ओळखीचा. रुचिता दोन ओळी मागं आली आणि पुस्तकात होतं तसं तिनं शेवटपर्यंत वाचलं. हिरालालनं मान डोलावली. तो रागावला नव्हता.

मग त्यानं गळ्यावरच्या ऑपरेशनच्या पट्टीवर हात ठेवला आणि भुवया उंचावून तिच्याकडे बघितलं.

"डॉक्टर म्हणाले, बाबा, तुमी चांगले..."

टक टक.

धुरपता हातातलं टाकून दारात आली. "नको वं माय," ती म्हणाली. रुचितानं बापाचा दुसरा हात घट्ट धरला आणि डॉक्टर जे बोलले होते ते एक शब्द न बदलता सांगितलं. बोट पुन्हा वाजलं नाही.