दादाच्या चहाची वाइन

मित्रांनो, वयाने मी तुमच्या आजोबांच्या बरोबरीचा. मी काचेचा एक मोठा बाटला आहे. पोट ऐसपैस, मान आखूड आणि तोंड इतके अरुंद की मोठ्या माणसाची दोन बोटे एकदम आत जात नाहीत. माझ्या खांद्यात हवेचा एक बुडबुडा अडकलेला आहे. मला फुंकताना कारागिराला ठसका लागला, त्याची ती खूण. मुकादम मला फोडायलाच निघाला होता, पण त्या दिवशी माल कमी पडत होता म्हणून मी वाचलो.

उमेदीची वर्षे माझी औषधांच्या दुकानात गेली. माझ्यात खोकल्याचे लाल औषध असायचे. कंपाउंडर मला रोज पुसायचे आणि गिऱ्हाइकांना कौतुकाने दाखवायचे. मग औषधे तयार बाटल्यांतून येऊ लागली. कंपाउंडर निवृत्त झाले, नव्या मालकाने मला माळ्यावर टाकले, आणि माळ्यावरून मी भंगारवाल्याकडे गेलो. तिथे माझ्या तोंडाशी एका कोळ्याने संसार थाटला. मला कोणी हात लावेनासे झाले, तेव्हा तोच काय तो सोबतीला.

तिथून मला उचलले ते वहिनींनी. त्या घरी पडदे शिवायच्या. त्यांचे यजमान छापखान्यात यंत्रावर होते. त्यांना पोटाचे दुखणे जडले आणि डॉक्टरांनी दुधाचा चहा बंद केला. मग भेटायला येणारा जो तो फळांच्या चहाचा डबा घेऊन येऊ लागला. कुणी सफरचंदाचा, कुणी संत्र्याच्या सालीचा, कुणी जास्वंदाचा. रिकाम्या हाताने जायचे कसे, हाच सगळ्यांचा विचार. माणूस गेला आणि कपाटाचा अख्खा खण टी बॅगांनी भरलेला राहिला. वहिनींना तो चहा पिववेना आणि टाकवेना. कपाट उघडले की वास यायचा, म्हणून त्यांनी कपाट उघडणेच सोडले होते.

त्यांच्या माहेरी उरल्यासुरल्या फळांची वाइन करायची रीत होती. एके सकाळी त्यांच्या मनात काय आले कोण जाणे, त्या सरळ बाजारात गेल्या आणि मला काखोटीला मारून घरी आल्या. त्यांनी मला सोड्याने धुतले, उकळत्या पाण्याची वाफ दिली, तेव्हा कुठे माझा औषधाचा वास गेला. मग मोठ्या पातेल्यात पाणी उकळले. टी बॅगांचे दोरे एकत्र बांधून त्यांनी त्या पाण्यात सोडल्या. पाणी आधी गुलाबी झाले, मग गडद लाल. साखर विरघळली, चिरलेले बेदाणे पडले, लिंबू पिळले गेले.

तेवढ्यात दारात नणंद येऊन उभी राहिली. यजमानांची ती धाकटी बहीण. कपडे धुण्याच्या मोठ्या कारखान्यात वाफेच्या यंत्रावर काम करायची. वहिनी तिला ताई म्हणायच्या, मानाने अहोजाहो करायच्या. दोघींचे कधी भांडण झाले नव्हते, तसे मनमोकळे बोलणेही झाले नव्हते. तिने पातेले पाहिले, रिकामे डबे पाहिले.

"दादाच्या चहाची दारू करतेस, वहिनी?" ती म्हणाली.

वहिनींनी पळी खाली ठेवली. "मग काय करू, ताई? पिऊ म्हणता की फेकू म्हणता? माझ्याने दोन्ही होत नाही."

ताई पायातली चप्पलही न काढता आल्या पावली परत गेली. वहिनींनी पाणी कोमट होऊ दिले आणि त्यात यीस्ट घातले. झाकलेल्या बादलीत ते काही दिवस खदखदले. मग पडद्याच्या जाळीतून गाळून त्यांनी ते माझ्यात ओतले. माझ्या तोंडावर रबरी बूच बसवले, बुचातून एक वाकडी नळी काढली आणि तिचे टोक पाण्याच्या पेल्यात बुडवले. आतली हवा बाहेर जावी, बाहेरची आत येऊ नये, यासाठी ही सोय.

मित्रांनो, इतक्या वर्षांनी माझ्या पोटात काहीतरी जिवंत आले होते. बुडबुडे वर यायचे आणि पेल्यात थांबून थांबून आवाज व्हायचा. डुब. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा डुब. मला वाटायचे, वहिनींना सोबत होत असेल. पण त्या शिवता शिवता थबकायच्या आणि पुढचा आवाज येईपर्यंत हात तसाच धरून बसायच्या. एका दुपारी त्या ताडकन उठल्या. त्यांनी नळी काढली, भोक नसलेले बूच माझ्या तोंडात ठोकले आणि पडद्याच्या दोरीने करकचून बांधून टाकले. घर एकदम गप्प झाले.

माझी काय अवस्था झाली, ते कसे सांगू? आतले काम काही थांबत नव्हते. हवा साठत गेली. खांद्यातल्या बुडबुड्यापाशी माझी काच सर्वांत पातळ, तिथे ताण बसू लागला. आणि वहिनी माझ्या शेजारीच मशीनवर मान खाली घालून बसलेल्या. मला ओरडता येत नाही, याचे इतके वाईट मला कधीच वाटले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ताई आली. दादाचा कोट मागायला आले, असे म्हणाली. बोलता बोलता तिची नजर माझ्यावर गेली. दोरीला न जुमानता बूच वर सरकले होते आणि कडेने बारीक शीळ घालत होते. जिचा जन्म वाफेच्या यंत्रांशेजारी गेला, तिला काही सांगावे लागले नाही. तिने वहिनींना दंडाला धरून मागे ओढले. वहिनींनी काढून दिलेला कोट माझ्यावर टाकला, कोटाखाली हात घालून गाठ सोडली आणि बूच दाबून धरत हळूहळू सैल केले. फस्स करून फेस वर आला आणि कोटाची बाही लाल झाली.

"हा फुटला असता तर काचा तुझ्या तोंडावर आल्या असत्या," ताई म्हणाली. "कशाला बांधलंस असं?"

वहिनींनी खाली पडलेली दोरी उचलून हातात घेतली. मग म्हणाल्या, "शेवटी शेवटी ते याच्या बुडबुड्यांसारखाच थांबून थांबून श्वास घ्यायचे. एक झाला की दुसरा येतो का, म्हणून मी बघत बसायचे. तो आवाज मला ऐकवेना."

ताई खाली फरशीवर बसली. शेवटच्या दिवसांत तिला कामाची पाळी बदलून मिळाली नव्हती. आपण तिथे नव्हतो, हे ती कुणाजवळ बोलली नव्हती. ते त्या दिवशी बोलली. दोघी फेस पुसायचे विसरून रडल्या. उजेड कमी झाला तेव्हा वहिनींनी विचारले, "आज राहतेस का इथे?" अहोजाहो कधी गळून पडले, ते दोघींच्याही लक्षात आले नाही.

ताई त्या रात्री राहिली आणि मग राहतच गेली. तिने नळी पुन्हा बसवली आणि मला ती झोपायची त्या आतल्या खोलीत ठेवले, वहिनींना आवाज जाणार नाही अशा बेताने. माझा आवाज थांबला, गाळ तळाशी बसला. दोघींनी मिळून वरची वाइन नळीने काढली, मला घासले आणि पुन्हा भरले. एकीने नळी धरायची, दुसरीने गाळ हलू द्यायचा नाही. काही महिन्यांनी माझ्यातून पलीकडची खिडकी स्वच्छ दिसू लागली. गडद लाल रंग जाऊन कांद्याच्या पापुद्र्यासारखा फिकट गुलाबी झाला होता.

त्यांनी अर्धा अर्धा पेला घेतला. हे पेय मोठ्यांचे, मित्रांनो, आणि मोठ्यांनीही बेतानेच घ्यायचे. ताईने घोट घेतला आणि तोंड वाकडे केले. "आंबट आहे गं. दादाला मुळीच आवडली नसती."

"त्यांना तो चहाही आवडत नव्हता," वहिनी म्हणाल्या. "लोक प्रेमाने आणतात म्हणून प्यायचे. माझ्याकडे बघून डोळे मिटायचे आणि गिळायचे."

ताई हसू लागली. वहिनी आधी गोंधळल्या, मग त्याही हसल्या. त्या घरात मी हसणे प्रथमच ऐकले.

उरलेली वाइन दोघींनी लहान बाटल्यांत भरली आणि छापखान्यातली माणसे येऊन एकेक बाटली घेऊन गेली. कपाटाचा खण रिकामा झाला, आता त्यात कापडाचे गठ्ठे असतात. ताई तिथेच राहते. गेल्या आठवड्यात दोघी बाजारातून फळांच्या चहाचा नवा डबा घेऊन आल्या आणि गोडी किती धरायची यावरून घरभर वाद चालला आहे. माझ्या खांद्यात आता केसासारखी एक चीर आहे. मला उकळते पाणी सोसणार नाही, हे ताईने ओळखले. ती मला कोमट पाण्याने, लहान बाळाला न्हाऊ घालावे तशी धुते.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, एवढेच सांगून मी थांबणार होतो. पण तुमच्या ओळखीत कुणी माणूस गेले असेल, तर मागे राहिलेल्याकडे जाऊन या. काय न्यावे, काय बोलावे, याचा घोळ घालू नका. नुसते जाऊन बसा, आणि लवकर जा.