कणगीच्या तळाचा कोंडा

मी एक जुनी कणगी आहे. सांडोर गावच्या युजीनच्या घरी, पडवीच्या कोपऱ्यात माझा जन्म गेला. बांबूच्या कामट्यांनी मला विणलं, शेणमातीनं लिंपलं आणि माझ्यात भात भरलं. मित्रांनो, त्या दिवसांत माझा थाट होता! आगेराच्या, म्हणजे सुगीच्या सणाला देवळात फादरांनी आशीर्वाद दिलेल्या नव्या भाताच्या लोंब्या युजीनची बायको आग्नेस माझ्या तळाशी ठेवायची. त्यांच्यावर मूठभर दाणे कायम राहिले पाहिजेत, कणगीचा तळ कधी उघडा पडू द्यायचा नाही, ही त्या घरची रीत.

मग युद्ध आलं. भात सरकारी लेव्हीत, म्हणजे सक्तीच्या धान्यवसुलीत जाऊ लागलं आणि तळाच्या लोंब्या व मूठभर दाणे सोडले तर मी रिकामी पडले. पुढे पन्नास साली युजीनच्या धाकट्या लेकीला, इनेझला, तिच्या मामानं सशांची जोडी दिली. वर्षभरात दोनाचे चार झाले. पावसाळ्यात त्यांना काय घालायचं? मला सशांच्या कोंड्याची कणगी केलं. खोटं कशाला बोलू, माझं नाक कापल्यासारखं झालं. पण इनेझ रोज सकाळी वाटी घेऊन यायची, माझ्या काठावर हनुवटी टेकायची. तेवढ्यानं माझा राग गेला.

मे महिना सरता सरता कामण गावचा कोंडा विकणारा श्रीपत बैलगाडी घेऊन यायचा. चार महिन्यांचा कोंडा आणि हरभऱ्याचं भुसकट एकदम घेतलं की युजीन निर्धास्त. श्रीपत गोणी माझ्यात रिकामी करायचा आणि म्हणायचा, "आग्नेसबाय, आधी जुना काढा, मग नवा वता. पानी लागलं तर कोंडा सडतो."

"तळाला आगेराच्या लोंब्या हायेत, श्रीपत. तळ उघडा करत नाय आमी," ती म्हणायची.

तो मान हलवून रिकाम्या गोणी गाडीत टाकायचा. असा नव्याखाली जुना, त्याखाली त्याहून जुना कोंडा साचत गेला. जमिनीची ओल माझ्या बुडातून चढत होती. मला आतून कुबट वाटायचं, पण मला तोंड कुठे होतं?

तिसऱ्या वर्षी पाऊस संपता संपेना. भादवा सरता सरता वरचा नवा कोंडा संपला आणि इनेझची वाटी खूप खोल, जुन्या थरापर्यंत गेली.

"आई, याला वास येतोय."

"पावसाळ्यात समद्यालाच येतो, बाय. घाल तू. पन लोंब्यांना हात लावू नको."

तिनं घातला. दुसऱ्या दिवशी सशांनी खाणं टाकलं. त्यांची पोटं टम्म फुगली. तिसऱ्या दिवशी चौघेही आडवे झाले. इनेझनं एकेकाला मांडीवर घेऊन पाहिलं. त्या पोरीचं रडणं मी विसरू शकत नाही.

युजीनचा संताप मात्र कामणकडे वळला. "श्रीपतनं सडका कोंडा गळ्यात मारला," असं तो रविवारी मिसाची प्रार्थना सुटल्यावर देवळासमोर सगळ्यांना सांगत सुटला.

पाऊस उघडल्यावर श्रीपत आणखी कोंडा विकायला गाडी घेऊन आला. युजीन ओट्यावरून खाली उतरला नाही.

"गाडी फिरव. आमचे ससे मारलेस तू."

"युजीनभाऊ, माज्या बैलांना बी तोच कोंडा घालतो मी. बैल हे उभे हायेत, बगा की."

युजीननं बैलांकडे पाहिलं नाही. श्रीपत आणखी तीन घरांपुढे थांबला. तिथेही कोणी दार उघडलं नाही. तो भरली गाडी तशीच घेऊन गेला आणि पुन्हा कधी सांडोरला आला नाही.

आता ससेच उरले नव्हते, म्हणून आठवड्यानं मला रिकामी करायला युजीननं मला प्रथमच उलटी केली. हिरव्या बुरशीचा घट्ट थर खाली पडला. त्यात लोंब्या काळ्या पडून चिकटल्या होत्या. आग्नेसनं क्रूसाची खूण केली.

इनेझ म्हणाली, "बाबा, श्रीपतकाकांना सांगायला जाऊ या."

"आता काय सांगायचं? झालं ते झालं," युजीन म्हणाला. त्यानं तो थर केळीच्या बुंध्याशी पुरला आणि वर माती ओढली.

आता मी अंगणात उपडी असते, माझ्याखाली कोंबड्या डालतात. माझं लिंपण गळून गेलंय. त्याचं मला फारसं वाटत नाही. मित्रांनो, साठवण करा, पण वर्षातून एकदा तळ बघा. आणि तळ बघायला उशीर झालाच, तर ज्याच्यावर आळ घेतला त्याच्या दारी तरी जा. सांडोरहून कामणला बैलगाडीनं जायला अर्धा दिवस लागतो. पाच वर्षं झाली, युजीनला तो अर्धा दिवस अजून मिळालेला नाही. इनेझ आता त्याच्याशी कामापुरतंच बोलते.