अनीशसाठी भट्टीवरची बिस्किटं

माझा आवाज मोठा आहे. आमचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते. घराण्यातून तलवार गेली, जमीन गेली, आवाज तेवढा उरला, असं आमची ही म्हणते. मी स्वतः उभा जन्म विमा कंपनीत फायली सरकवल्या, पण चालायचो असा, जणू मागून पलटण येतेय.

मोहना आमची एकुलती एक. ती मस्कतहून आठ महिन्यांच्या अनीशला घेऊन बडोद्याला आली, तेव्हा स्टेशनवरच मी "या, उदयसिंहरावांचे नातू!" अशी आरोळी ठोकली. नातवानं भोकाड पसरलं ते वाडीतलं आमचं घर येईपर्यंत.

पुढेही तेच. मी खोलीत शिरलो की त्याचा खालचा ओठ बाहेर यायचा. दूधवाल्याकडे जायचा, शेजारच्या बेनच्या कडेवर तर खुशाल झोपायचा. मी त्याचं काय घोडं मारलं होतं कोण जाणे. गणपती झाले की मायलेक परत जाणार होते, आणि पुन्हा कधी येतील याचा भरवसा नव्हता. त्याआधी त्यानं एकदा, फक्त एकदा, आपणहून माझ्याकडे यावं, एवढंच मला हवं होतं. बोलून दाखवलं नाही, पण हिला कळलंच होतं.

त्याला दात येत होते. चपलेचा पट्टा, खुर्चीचा पाय, माझं वर्तमानपत्र, काही सोडायचा नाही. दात येणाऱ्या मुलांनी चघळायची कडक, लांबट बिस्किटं मोहनानं तिकडून आणली होती, ती संपली. देशाचे दरवाजे उघडले म्हणे, लहरीपुऱ्याच्या बाजारात परदेशी शाम्पूच्या बाटल्या मिळायला लागल्या होत्या, पण ही बिस्किटं कुठल्याच दुकानात नव्हती. मी छाती पुढे काढून जाहीर केलं की आता घरची बिस्किटं येतील, आणि मी आणीन.

घरची म्हणजे आमच्याकडे भट्टीवरची. पीठ, तूप, साखर आपण न्यायचं, भट्टीवाला आपल्यासमोर मळून भाजून देतो. आपण बाकावर बसून डोळ्यांत तेल घालून राखण करायची, नाहीतर आपलं तूप शेजारणीच्या नानखटाईत जातं. राखणीत मी कसर ठेवली नाही. तुपातही नाही. पहिला नातू, तिथे हात आखडता घेणार कोण?

बिस्किटं अशी झाली की जिभेवर ठेवताच विरघळावीत. अनीशनं हिरडीखाली धरलं मात्र, त्याचा भुगा झाला, भुगा घशात गेला आणि पोराला ठसका लागला. मोहनानं त्याला पालथं धरून पाठ थोपटली. पोर सावरलं, पण तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "बाबा, विरघळणारं नको होतं," ती एवढंच म्हणाली. तिचं बरोबर होतं, म्हणून मला भयंकर राग आला. तुपावर आला, भट्टीवर आला, स्वतःला सोडून सगळ्यांवर आला.

दुसऱ्या दिवशी मी टोक गाठलं. तूप बंद, साखर बंद. कणीक, नाचणी आणि कुस्करलेलं केळं. एकदा भाजायचं, गार करायचं, पुन्हा भट्टीत सारायचं. भट्टीवाल्यानं एक बिस्किट ट्रेवर आपटून पाहिलं आणि विचारलं, "काका, आ कोण खाशे?" मी ऐटीत सांगितलं, दीकरीनो दीकरो, लेकीचा लेक, आठ महिन्यांचा आहे. बाकावरच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

घरी मोहना म्हणाली, आधी तुम्ही खाऊन दाखवा. आता सांगायलाच हवं, माझे वरचे-खालचे सगळे दात कवळीचे. मोहनाच्या लग्नानंतर बसवले, आणि हिच्याखेरीज जगात कुणाला पत्ता नव्हता. ऐट मोठी ना आमची! मी बिस्किट उचललं, चावलं, कट्‌कन आवाज झाला. मोडलं, असं मी विजयानं म्हणणार होतो. बिस्किट अख्खंच्या अख्खं हातात होतं. मोडली होती ती वरची कवळी.

घडियाळी पोळ नावाच्या गल्लीतल्या दाताच्या डॉक्टरांनी तुकडे पाहून नवीच करावी लागेल म्हणून सांगितलं. नुसती खालची लावून मी आणखीच भांडखोर दिसायचो, म्हणून तीही काढून ठेवली. तोंडाला पंचा लावून कोपऱ्यात बसायला लागलो. बोलायला जावं तर नुसती हवा निघायची, म्हणून गप्प. जेवणसुद्धा स्वयंपाकघरात, भिंतीकडे तोंड करून. बिस्किटं मात्र अनीशला पसंत पडली. एकेक दिवसभर पुरायचं.

एकदा मस्कतहून जावयांचा फोन आला, म्हणून मोहनानं अनीशला खाली सोडलं. हातात बिस्किट घेऊन तो रांगत निघाला आणि माझ्या गुडघ्याला धरून उभा राहिला. त्यानं पंचा ओढला. मी तोंड झाकेपर्यंत उशीर झाला होता. आता ओठ बाहेर येणार, मला वाटलं. तो टक लावून बघत राहिला. माझ्या तोंडात बोट घालून त्यानं हिरडी चाचपली, आणि आपलं लाळेनं थबथबलेलं बिस्किट माझ्या तोंडात सारलं.

मी चोखलं. दुसरं काय करणार? पोरगं खदखदून हसलं आणि मांडीवर चढायला लागलं. फोन ठेवून मोहना दारात येऊन उभी होती. माझी सगळी ऐट तिच्यासमोर उघडी पडली होती, आणि मला कसलीच लाज वाटली नाही.

कवळी गणपतीआधीच तयार झाली. डॉक्टरांनी दोनदा निरोप पाठवला. मी गेलो नाही. आरतीला आलेल्या अर्ध्या वाडीनं माझं बोळकं पाहिलं, पाहू दे. स्टेशनवरही मी तसाच गेलो, आणि गाडी हलल्यावर खिडकीबरोबर चालत राहिलो, होतं नव्हतं तेवढं तोंड उघडून हसत, तो दिसेनासा होईपर्यंत.

मग तोंड मिटलं. ही जवळ येऊन म्हणाली, "चला, वाटेत दात घेऊन जाऊ." मी नुसती मान हलवली. बोलायला गेलो असतो तर रडू फुटलं असतं, आणि माझा आवाज मोठा आहे.