सासऱ्यांच्या डोक्यावरची खुर्ची

थांबाराव हे नाव त्याला गावाने दिलं होतं आणि त्याने ते रीतसर कमावलं होतं. वडिलांच्या फोटो स्टुडिओत तो लहानाचा मोठा झाला. हनुवटी वर, खांदे सरळ, श्वास रोखा, थांबा. एवढ्या भांडवलावर वडिलांनी दोन पिढ्यांची लग्नं निभावली होती. पुढे दैनिकात नोकरी लागल्यावर थांबारावने तेच मंत्र बातमीलाही लावले. गोदामाला आग लागली तेव्हा त्याने बंबवाल्यांना उंचीप्रमाणे उभं केलं; तोवर गोदाम जळून गेलं. एकदा तर पकडलेल्या चोराला त्याने फोटोसाठी पुन्हा खिडकीत चढायला लावलं. चोर चढला, पलीकडे उतरला, आणि अजून सापडलेला नाही.

संपादकबाई त्याला सांभाळून घेत. पण मग तळहातावर मावणारे कॅमेरे निघाले आणि मोठ्या शहरांतली वर्तमानपत्रं धावणाऱ्या, भांडणाऱ्या, ऐन शिंकेत सापडलेल्या माणसांचे फोटो छापू लागली. बाईंनी तसला एक कॅमेरा मागवून त्याच्या टेबलावर ठेवला. हा भराभर फोटो काढतो, तेव्हा लोकांना उभं करण्याचे लाड आजपासून बंद, असं त्यांनी सांगून टाकलं. माणूस कॅमेऱ्याकडे बघत नसेल तर तो फोटो कसला, ती तर चोरी, असं थांबारावचं मत. पहिल्या आठवड्यात त्याने आणलेल्या फोटोंत पाठी होत्या, कोपरं होती, आणि एका सभेचा फोटो तर निव्वळ माईकचा निघाला. बाईंनी कपाळाला हात लावला.

अशात चौकातल्या नव्या कारंज्याचं उद्घाटन निघालं. उद्घाटक होते नगराध्यक्ष, म्हणजे थांबारावचे सासरे. निघताना बायकोने बजावलं की बाबांचा फोटो नीट आला पाहिजे, मागच्या खेपेला नुसतं पोटच आलं होतं.

सासरेबुवांनी ऐसपैस भाषण केलं आणि मोठ्या थाटात पाणी सोडायचं चक्र फिरवलं. काहीच झालं नाही. अभियंता कानाशी लागून काहीतरी सांगू लागला. पण मध्ये बोललेलं सासऱ्यांना खपत नसे. त्यांनी चक्र पार शेवटपर्यंत फिरवलं. जमिनीखाली कुठेतरी गुरगुरल्यासारखं झालं आणि पाणी वर जायचं सोडून आडवं सुटलं, थेट पाहुण्यांच्या पहिल्या रांगेवर.

मंडळींची दाणादाण उडाली. सासऱ्यांनी हाताला लागली ती खुर्ची उचलून डोक्यावर धरली. आणि थांबारावच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "थांबा."

सगळे थांबले. गावातल्या यच्चयावत माणसांचे फोटो ह्याच घराने काढलेले. तो शब्द हाडीमांसी खिळलेला. सासऱ्यांनी खुर्ची खाली ठेवून हनुवटी वर केली. अभियंत्याने खांदे सरळ केले. सासूबाईंनी पर्स पोटाशी धरली. धो धो पाणी अंगावर येतंय आणि सगळे श्वास रोखून, गंभीर चेहऱ्याने कॅमेऱ्याकडे बघताहेत.

थांबारावने फोटो काढला. झकास येणार होता तो, वडिलांनी शाबासकी दिली असती. पण क्षणापूर्वी जे डोळ्यांसमोर घडत होतं, त्यातलं काहीच आता समोर नव्हतं. त्याला आयुष्यात प्रथमच चुटपुट लागली.

"अहो, उभे काय राहिलात?" तो म्हणाला. "पळा!"

मग जी पळापळ झाली तिला तोड नाही. सासऱ्यांनी पुन्हा खुर्ची डोक्यावर घेतली आणि बायकोला तिथेच सोडून धूम ठोकली. सासूबाई पळाल्याच नाहीत. चपला हातात घेऊन, पळत्या खुर्चीकडे बघत, त्या पाण्यात उभ्या उभ्या हसत सुटल्या. थांबारावने चिखलात गुडघे टेकले आणि फिल्म संपेपर्यंत बटण दाबत राहिला.

कचेरीत दोन्ही फोटो बाईंपुढे ठेवले. एकात सासरे भिजलेले पण रुबाबदार, दुसऱ्यात पळती खुर्ची आणि मागे सासूबाई. फोटो तुझा, कुठला छापू तूच सांग, बाई म्हणाल्या. थांबारावला बायको आठवली, सासुरवाडी आठवली. मग त्याने खुर्चीवर बोट ठेवलं.

सकाळी पहिल्या पानावर सासऱ्यांची अब्रू अक्षरशः पाण्यात गेली. बायकोने चहाचा कप आदळला. संध्याकाळी सासरे सासूबाईंना घेऊन हजर झाले, वर्तमानपत्राची सुरळी मुठीत.

"जावईबापू, तुमच्या वडिलांनी माझ्या गालावरचा मस फोटोतून साफ पुसला होता. तुम्हाला एक खुर्ची पुसता आली नाही?"

"तो स्टुडिओ होता, बाबा. ही बातमी आहे. घडलं ते घडलं."

"घडलं कसलं? पळा म्हणून तुम्हीच ओरडलात."

"पळा म्हणालो. खुर्ची घ्या नव्हतो म्हणालो."

बायकोने पदर तोंडाला लावला. रागाने की कशाने, ते कळेना. सासूबाई इतका वेळ कोपऱ्यात त्या फोटोतला स्वतःचा चेहरा निरखत होत्या. मी अशी हसते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, असं काहीसं त्या पुटपुटल्या. मग मान वर करून त्यांनी जावयाला विचारलं की ह्याची मोठ्यात मोठी प्रत केवढी निघते.

खिडकीएवढी निघाली. सासूबाईंनी ती बाहेरच्या खोलीत लावून घेतली. पाहुणे आले की सासरे तिच्याकडे पाठ करून बसतात आणि गावाच्या पाणीपुरवठ्यावर बोलत राहतात. पाहुणे त्यांच्या डोक्याच्या वर बघत माना डोलावतात.