वन्संनी ठेवलेली बाही

फाटकं कापड डोळ्यांसमोर राहिलं की माझा जीव वरखाली होतो. शिवणकाम करणारीचा हा रोगच. एका ठेकेदार गिऱ्हाईकाने मला मारलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी या रोगापायी मी माझ्या हाताने पुराव्याची वाट लावली.

ठेकेदार कोटाची ट्रायल घ्यायला आला होता. दोन महिन्यांत त्याचं पोट सुटलं होतं आणि तो खापर माझ्या टेपवर फोडत होता. अंगातल्या कोटावर मी खडूने खुणा करत होते आणि तो रागाने पंज्याने त्या पुसत होता. "पोट तुमचं, माप माझं, दोन्ही खरी आहेत," मी म्हटलं. माझी जीभ ही अशी. त्याने माझी बाही धरून हिसका दिला. ती खांद्यापासून टरकली आणि मी मशीनच्या कडेवर आदळले. डावं मनगट मोडलं.

दवाखान्यात मी खरं ते सांगितलं, त्यांनी तशी नोंदही केली. पण घरी येऊन जाहीर केलं, "मला पोलीस नको, कोर्ट नको. विषय संपला." दुसऱ्या दिवशी प्लास्टर सांभाळत एका हाताने कुर्त्याची फाटकी बाही काढून चिंध्यांत टाकली, नवी लावली आणि कुर्ता धुऊन वाळत घातला.

माझी थोरली नणंद, वन्सं, काजं-बटणं करता करता बघत होत्या. त्यांचं आणि माझं पोत्यावरून वाकडं. दुकानातला प्रत्येक तुकडा त्या पोत्यात जपून ठेवायच्या, कोणाचा आणि कधीचा याची चिठ्ठी टाचून. उद्या गिऱ्हाईक ठिगळ मागायला आलं तर? मी ते पोतं टाकून देण्याची धमकी आठवड्यातून एकदा तरी द्यायचे.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. बोटं मिटेनात. सुईखाली कापड धरता येईना. आणि ठेकेदार बाजारभर सांगत होता, बाई स्वतःच्याच स्टुलावरून पडली. तेव्हा माझं डोकं फिरलं. वन्संना घेऊन मी वकीलबाईंकडे गेले.

वकीलबाई वयाने लहान, पण समजावून सांगायला शहाण्या. म्हणाल्या, "उशीर झालाय, वेळ गेलेली नाही. आधी पोलिसांत तक्रार. गुन्हा सिद्ध झाला तर त्याच कोर्टात भरपाई मागू. उपचार आणि बुडालेलं काम, यासाठी वेगळा दावाही लावता येतो. शिवाय मारहाण झालेल्यांसाठी सरकारी निधी असतो, तिथे अर्ज करू. आता सांगा, त्या दिवशीचे कपडे कुठे आहेत?"

"धुतले," मी म्हटलं. "बाहीही नवी लावली."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "दवाखान्याचा कागद आहे. पण त्याने हात लावला हे दाखवायला दुसरं काहीच नाही?"

मला रडू कोसळलं. आयुष्यभर दुसऱ्यांचं उसवलेलं शिवलं आणि त्याच सवयीने स्वतःचं नुकसान करून बसले होते.

वन्सं उठल्या. "अर्ध्या तासात येते."

आल्या त्या कागदी पुडी घेऊन. आत माझी बाही, गडद निळी, न धुतलेली. वरच्या बाजूला पांढऱ्या खडूची चार बोटं आणि अंगठा, जसेच्या तसे. वकीलबाई म्हणाल्या, "हात लावू नका. मिटा ती, आता पोलिसांपुढेच उघडू."

खटला वर्षभर चालला. ठेकेदाराच्या वकिलाने वन्संना पिंजऱ्यात चांगलंच धारेवर धरलं. "बाही खरी असती तर तुम्ही सहा आठवडे लपवून का ठेवली? मागून तयार केलीत ना?"

वन्संनी चष्मा नीट केला. "चिठ्ठी वाचा की."

बाहीच्या मागे टाचलेली चिठ्ठी कारकुनाने वाचली. वर मारहाणीच्या दुसऱ्या दिवसाची तारीख. खाली वन्संचं बारीक अक्षर: 'धाकटीची बाही. त्याची बोटं उठली आहेत, झटकू नये. ती मागेल तेव्हा द्यावी.'

"ती नको म्हणाली होती," वन्सं म्हणाल्या. "मार तिने खाल्ला. तक्रार करायची की नाही, हे मी कोण ठरवणार? पण उद्या तिचं मन बदललं, तर तिच्या हाताशी काहीतरी असायला हवं होतं."

मी ओढणीत तोंड लपवलं. मला इतके दिवस वाटत होतं, बाही वाचली ती वन्संच्या तुकडे जपण्याच्या खोडीमुळे.

ठेकेदाराला शिक्षा झाली, मला भरपाई मिळाली. हाताचे व्यायाम चालू आहेत, दोन बोटं आता मिटतात. वन्संचे आभार मानायला गेले तर म्हणाल्या, "पुरे, सुईत दोरा ओवून दे, मला दिसत नाही." त्यांना दिसत होतं. तिसरं बोट वळतंय का, ते त्यांना बघायचं होतं.

मी ओवून दिला. वेळ लागला, पण त्यांनी हात पुढे केला नाही.